मत्स्यहत्येचे पाप कोणाच्या खाती?

शके ८८१ मध्ये, राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या अमदानीत, सोमदेव सूरी या जैन आचार्याने ‘यशस्तिलकचंपू’ हा ग्रंथ पूर्ण केला, आणि त्यातील श्रावकांच्या आचारधर्माविषयीच्या भागात हिंसेचे विवेचन करताना त्याने शेतकरी आणि कोळी या दोघांना एकाच न्यायासनापुढे उभे केले. नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव चिरडले जात असूनही शेतकऱ्याला तसे पाप लागत नाही, कारण त्याचे चित्त धान्याकडे असते. उलट जाळे खांद्यावर टाकून निघालेल्या कोळ्याला दिवसभरात एकही मासा गवसला नाही तरी तो पापी ठरतो, कारण त्याचे चित्त वधाकडे असते, असा त्या दृष्टान्ताचा मथितार्थ आहे. हिंसेचे मूळ हाताच्या हालचालीत नसून मनाच्या संकल्पात आहे, हा त्यामागचा सिद्धान्त सूक्ष्म आणि आदरणीय आहे यात संशय नाही. परंतु त्याचा व्यवहारातील परिणाम असा झाला की, ज्याच्या हातात जाळे आहे त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांनी आपले अंगरखे झटकून मोकळे व्हावे, ही सवय आपल्या समाजाच्या अंगवळणी पडली. कोळ्याने हा निकाल मुकाट्याने सोसला, कारण त्याची बाजू मांडणारा वकील त्या काळी नव्हता आणि आजही फारसा कोणी नाही. उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या काठी, म्हणजे बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन शहरांत ज्याचे आयुष्य गेले आहे, अशा माणसाला मात्र या निकालाविरुद्ध फेरविचाराचा अर्ज करावा असे वाटल्यावाचून राहत नाही.

उल्हास नदी बोरघाटाच्या उत्तरेस, राजमाचीच्या डोंगराळ मुलखात उगम पावते, आणि कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गाने वाहत, वाटेत पेज, बारवी, काळू-भातसा आणि वालधुनी यांचे पाणी पोटात घेत, सुमारे १२२ किलोमीटरांचा प्रवास करून वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. ठाण्यापाशी तिचा एक फाटा दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीत उतरतो. बदलापुरापर्यंत ती निखळ नदी आहे. कल्याणच्या पुढे मात्र ती धड नदी राहत नाही आणि धड समुद्रही होत नाही. दिवसातून दोन वेळा भरतीचे खारे पाणी तिच्यात चढते आणि दोन वेळा ओहोटीने उतरते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते खाजणांच्या बांधांपर्यंत पोचते व भांगाच्या दिवसांत निम्म्या वाटेवरच थबकते. प्राचीन काळी ग्रीक दर्यावर्द्यांच्या वृत्तान्तात ज्याची नोंद झाली ते कल्याण बंदर या खारट-गोड्या पाण्याच्या जोरावरच उभे होते, आणि १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवछत्रपतींनी गलबते बांधण्याचे काम सुरू केले तेही याच खाडीत.

अशा पाण्यात राहणे हे कोणत्याही जीवाला सुखाचे असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही, कारण सकाळी जे पाणी खारे आहे ते सायंकाळी मचूळ असते आणि श्रावणात तेच गोडे होते. आणि तरीही उष्ण कटिबंधातील खाड्यांइतकी मत्स्यसमृद्ध जागा पृथ्वीवर क्वचितच सापडते. याचे कारण असे की, डोंगरातून आलेला गाळ, तिवरांच्या गळून कुजलेल्या पानांचे सत्त्व आणि समुद्रातून आलेले सूक्ष्म जीव यांचा येथे संगम होतो. आणि उथळ, गढूळ पाण्यात, तिवरांच्या मुळांच्या जाळीत मोठ्या शिकारी माशांना शिरकाव नसल्यामुळे समुद्रातील कित्येक जातींची पिल्ले आपले बालपण येथेच काढतात. कोळंबी समुद्रात अंडी घालते, पण तिचे पिल्लू वाढते खाडीत. बोय, काळुंदर, शिंगाळा, वाम, खरबी, चिंबोरी, चिखलावर उड्या मारणारा निवटा, खडकाला चिकटलेली कालवे, वाळूत दडलेल्या तिसऱ्या आणि शिवल्या अशी ही वस्ती आहे, आणि तिच्यातील प्रत्येकाने खारेपणाशी आपापला निराळा करार केलेला आहे. जिताड्याचे चरित्र तर एखाद्या पुराणकथेत शोभावे असे आहे: तो खाऱ्या पाण्यात जन्मतो, कोवळ्या वयात खाडीतून वर चढून गोड्या पाण्यात वाढतो, प्रथम नर असतो आणि वय व वजन वाढल्यावर मादी होतो, म्हणजे बाजारात ज्या भल्या थोरल्या जिताड्यासाठी गिऱ्हाईक हव्या त्या भावाला राजी होते, तो बहुधा वंशाची माउली असते. पाला याच्या उलट जातो. त्याचे सारे आयुष्य समुद्रात, पण अंडी घालण्यासाठी मात्र त्याला नदी हवी.

या जीवांचे आयुष्य जाणे-येणे यावरच उभे आहे, आणि म्हणून खाडीतील मासा मारावयाचा तर त्याला पकडलेच पाहिजे असे नाही. त्याची वाट मोडली किंवा त्याचे थांबण्याचे ठिकाण बिघडवले तरी काम भागते. ही गोष्ट सोमदेवाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला ती ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

आता जाळेवाल्याकडे वळू. कल्याणपासून खाली खाडीच्या दोन्ही तीरांवर कोळी आणि आगरी यांची गावे, आणि वर बदलापूर-कर्जतच्या अंगाला डोंगरउतारावर कातकऱ्यांच्या वाड्या, अशी या मासेमारीची परंपरागत विभागणी आहे. खाडीत डोल आणि भोकशी लावतात, काठावरून पाग फेकतात. वरच्या अंगाला गळ, छोटी जाळी आणि ओढ्याला दगडांचा बांध घालून पाणी उपसणे हे मार्ग आहेत, आणि क्वचित गेळाची फळे कुटून डोहात टाकून मासे गुंगवण्याचीही रीत होती. या लोकांचे पंचांग भरती-ओहोटीचे असते. तिथीवरून पाण्याची वेळ सांगणारा म्हातारा कोळी भिंतीवरच्या घड्याळाकडे ढुंकूनही पाहत नाही. आषाढात दर्या खवळला की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच त्या पुन्हा लोटावयाच्या, हा त्यांचा धर्म. महाराष्ट्र शासनाने १ जून ते ३१ जुलै अशी जी सागरी मासेमारीची बंदी ठेवली आहे ती या जुन्या वहिवाटीलाच कायद्याचा शिक्का मारणारी आहे.

यावरून आपल्याकडील काही उत्साही लेखक लगेच असा निष्कर्ष काढतात की, माशांचा विणीचा हंगाम ओळखूनच पूर्वजांनी हे व्रत घालून दिले. मला हे पटत नाही. पावसाळी दर्यात लहान होडी टिकत नाही, ही गोष्ट ज्याला कळत नव्हती तो कोळी वंशवृद्धीसाठी मागे उरलाच नसता. गरजेला धर्माचे नाव मिळाले, आणि माशाला त्यात आयते अभय लाभले, इतकेच म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. त्याच दिवसांत आमच्या बदलापुराकडे काय घडते ते पाहिले म्हणजे या मुद्द्याविषयी शंका उरत नाही. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून ओढे नदीला मिळाले की मरळ, शिंगाळे, वाम आणि असंख्य बारीक मासळी अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढते, भाताच्या खाचरांत शिरते, ही वलगण. या वलगणीची वाट वर्षभर पाहिलेली असते, आणि कंदील, टोपली, जाळे, काठी, जे हाताला येईल ते घेऊन अर्धा गाव रात्री शेतात उतरतो. पकडलेल्या माशाचे पोट अंड्यांनी गच्च भरलेले असते, आणि त्या गाबोळीचेच कौतुक अधिक. म्हणजे समुद्रावर ज्याला अभय, त्याच्याच गोड्या पाण्यातील भावंडाला त्याच महिन्यात मरण. परंपरा ही अशी असते. ती पूजावयाची असेल तर डोळे उघडे ठेवून पूजावी.

कोळ्याची वकिली करताना त्याचे बाकीचे कसूर दडपण्याचाही माझा इरादा नाही. बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटाएवढी पिल्ले तोच उपसतो. मासे कमी झाल्यावर खाडीकाठच्या कित्येक घरांनी रेतीचा धंदा धरला. पूर्वी डुबी मारून, बादलीने, हाताने रेती निघत असे, पुढे यंत्रांचे पंप आले आणि त्यांनी खाडीचा तळच खरवडून काढला, ज्या तळावर या माशांच्या अन्नाची सारी पेरणी असते. तेव्हा जाळेवाला निर्दोष आहे असे नव्हे. परंतु त्याच्या दोषाला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा त्याच्या स्वतःच्या पोटाने घातलेली आहे: उद्या मासा हवा असेल तर आज खाडी जिवंत राहिली पाहिजे, हे त्याला कोणा आचार्याने शिकवावे लागत नाही. माशाचा मृत्यू हा त्याच्या दृष्टीने नफा आहे, पण माशांचा अंत हे त्याचे स्वतःचे मरण आहे. जैन कथांमध्ये मृगसेन नावाच्या एका धीवराची गोष्ट येते, आणि सोमदेवानेही ती सांगितलेली आहे. जाळ्यात येईल तो पहिला मासा सोडून द्यावयाचा, एवढेच व्रत त्याला मुनींनी दिले. योगायोग असा की, तोच मासा पुनःपुन्हा त्याच्या जाळ्यात आला, प्रत्येक वेळी त्याने तो ओळखून सोडला, आणि रिकाम्या हाताने घरी जाऊन बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पुढील जन्मी तो तितक्याच वेळा मरणाच्या दाढेतून सुटला. एका माशाला माशांच्या गर्दीतून ओळखून काढणारा मनुष्य आपल्या नीतिवाङ्मयात दुसरा कोण आहे? आणि तो धीवरच असावा, यालाही अर्थ आहे. ज्याने आयुष्यात मासा हातात धरला नाही त्याच्याकडून अशा ओळखीची अपेक्षाच करता येत नाही.

उल्हासच्याच मुखाशी, वसईजवळच्या सोपाऱ्यास, सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत; १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तेथे आठव्या लेखाचा अंश सापडला, आणि त्या लेखाचा विषय असा की, पूर्वीचे राजे मृगयेच्या सहली करीत, आपण त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या. उत्तरेकडील त्याच्या एका स्तंभलेखात तर चातुर्मासी पौर्णिमा व अन्य काही नेमक्या तिथी देऊन त्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत असे फर्मान आहे. हा सम्राट मत्स्याहारी प्रजेचा द्वेष करीत नाही, तिला धर्मबाह्य ठरवीत नाही. तो फक्त काही दिवस माशांसाठी राखून ठेवतो. सोमदेवाच्या तर्कशुद्ध निवाड्यापेक्षा अशोकाची ही कारभारी करुणा मला अधिक उपयोगाची वाटते.

आता दुसऱ्या आरोपीकडे येऊ, आणि येथेच शास्त्राची अडचण सुरू होते, कारण हा आरोपी कोण हेच सांगता येत नाही. वालधुनी अंबरनाथच्या काकोळे परिसरातील डोंगरात उगम पावते, आणि थोड्याच अंतरावर एका अपूर्व शिवालयाच्या पायथ्याशी येते. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेले हे शिलाहारांचे भूमिज शैलीतील मंदिर सोमदेवाच्या ग्रंथानंतर अवघ्या शंभर वर्षांनी उभे राहिले. त्याचा गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावा असा, आणि वर आकाशाला मोकळा आहे. ज्या स्थपतीने हे देवालय येथे बांधले त्याने वाहते पाणी पाहूनच जागा निवडली असणार. मंदिराखालून निघालेली ही नदी पुढे कारखान्यांच्या आणि दाट वस्तीच्या पट्ट्यातून उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हासला मिळते, आणि त्या पट्ट्यात तिचे पाणी कधी काळे, कधी तांबडे, कधी फेसाळ दिसते. या पट्ट्याच्या खाली वालधुनीत पाग फेकणारा मनुष्य मला कधी दिसला नाही. २०१४ च्या अखेरीस तिच्या पात्रात घातक रसायन सोडले गेल्यामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण होऊन इस्पितळांत न्यावे लागले, तेव्हा तो गुन्हा ठरला, चौकशी झाली, वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले. त्यापूर्वी याच पात्रात ज्यांचा श्वास कोंडला, त्यांची फिर्याद घेणारी चौकी आपल्याकडे नाही.

माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. घरोघरच्या मैल्याचे व सांडपाण्याचे विघटन करणारे जंतू तोच प्राणवायू फस्त करतात, आणि खाडीत तर गोष्ट अधिकच बिघडते, कारण ओहोटीने खाली गेलेली घाण भरतीबरोबर पुन्हा वर येते. ती समुद्रात जाऊन नाहीशी होते ही केवळ काठावरच्या माणसाची समजूत आहे. अशा पाण्यात पहिल्याने जातात ते चोखंदळ मासे. मागे उरतात तोंडाने हवा घेऊ शकणारे, चिखलात तग धरणारे, किंवा १९५० च्या दशकात बाहेरून आणलेल्या चिलापीसारखे कशालाही न जुमानणारे. पाण्यावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते, नदी किती प्रसन्न आहे!

हे सारे कोणी केले? कारखानदार म्हणतो, माझे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जाते. केंद्र म्हणते, आमच्या शक्तीपलीकडे पाणी येते. नगरपालिका म्हणते, निधी नाही. नागरिक म्हणतो, मी कर भरतो. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक स्वराज्य संस्था व प्रक्रिया केंद्रे यांना कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला, म्हणजे कायद्याने कर्ता शोधण्याचा काही प्रयत्न तरी केला. धर्मशास्त्राने तोही केलेला नाही. कर्मसिद्धान्ताला कर्ता लागतो, कर्त्याला संकल्प लागतो, आणि येथे संकल्प कोणाचाच नाही. मासा मरावा अशी इच्छा या तिन्ही शहरांतील लाखो माणसांपैकी एकाचीही नाही. सोमदेवाची कसोटी लावली तर आपण सारे त्या शेतकऱ्याच्या रांगेत बसतो आणि निर्दोष सुटतो. अडकतो तो फक्त खाडीवरचा कोळी, ज्याच्या जाळ्यात आता मासाही नाही. जो सिद्धान्त सगळा डोह मारणाऱ्याला सोडतो आणि रिकामे जाळे ओढणाऱ्याला धरतो, त्याच्यात कोठेतरी मूलभूत उणीव राहिली आहे असे म्हणणे भाग आहे.

सुदैवाने या उणिवेची भरपाई त्याच परंपरेत उपलब्ध आहे. उमास्वातीने ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध, बेफिकीर वृत्तीला, तिचे कारण ठरवले आहे, मारण्याची इच्छा हवीच असे तेथे म्हटलेले नाही. जपून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली मुंगी आली तर ती हिंसा नव्हे, आणि न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही मुंगी आली नाही तरी दोष त्याला लागतोच. ही कसोटी घेतली की चित्र पालटते. नळ सोडताना पाणी कोठून आले आणि मोरीत ओतलेले कोठे गेले, याचा ज्याने जन्मात विचार केला नाही असा शाकाहारी गृहस्थ (मीही त्याच पंगतीतला) प्रमादाच्या व्याख्येत नेमका बसतो. आणि पाण्याचा रंग, वास, वेग पाहून पाऊल टाकणारा कोळी त्या व्याख्येतून बराचसा बाहेर राहतो. बदलापुरात आम्ही उल्हासचे पाणी पितो आणि खालच्या अंगाला आमचे सांडपाणी त्याच उल्हासकडे जाते. आमच्या ताटात मासा नसला तरी आमच्या मोरीत तो रोज मरतो. मनुस्मृतीने मांसाच्या बाबतीत जी वाटणी केली तीही येथे लक्षात घेण्यासारखी आहे: केवळ मारणारा नव्हे, तर अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठहीजण तिने घातकच मानले, आणि त्या यादीत पहिला मान अनुमती देणाऱ्याचा आहे. परवाने देणाऱ्या दप्तरांनी हे प्रकरण एकदा वाचावे. त्याच ग्रंथात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त किंवा विष टाकू नये असा स्पष्ट निषेधही आहे. पण भोजनाचे नियम आपण घोकले आणि हे कलम मात्र सोयिस्करपणे विसरलो.

उल्हासनगरच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटतो. फाळणीनंतर सिंधमधून निराश्रित होऊन आलेल्या सुमारे लाखभर लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे जे नगर स्थापन झाले त्याला याच नदीचे नाव दिले गेले. या लोकांचे आराध्य दैवत झुलेलाल, वरुणाचा अवतार. शुभ्र दाढीचा, कमळावर बसलेला, आणि त्याच्या आसनाखाली पल्ला मासा. कोकणचे कोळी ज्याला पाला म्हणतात तोच हा. सिंधू नदीतून हा मासा समुद्राकडून वर चढत सक्खरपर्यंत जातो तो जिंदा पीराच्या (हिंदूंच्या लेखी झुलेलालच्याच) दर्शनासाठी, अशी तेथील हिंदू-मुसलमान दोघांचीही भावना होती. आणि तोच मासा सिंधी घरांत मोठ्या आवडीने खाल्लाही जात असे. देवाचे वाहन आणि ताटातील पक्वान्न एकच, यात त्यांना विसंगती वाटली नाही, जशी दर्याला बाप मानणाऱ्या कोळ्याला दर्यातून मासा काढताना वाटत नाही. चालिहो या चाळीस दिवसांच्या व्रतात भाविक मांस-मासळी वर्ज्य करतात, आणि अखेरीस दिवा व धान्य यांसह पूजा पाण्यात विसर्जित करतात. पुढे १९५५ साली सिंधूवर कोटरीचा बंधारा पूर्ण झाला आणि पल्ल्याची वर जाण्याची वाट अडली. भक्त १९४७ नंतर इकडे आले, आणि आठ वर्षांत तिकडे देवाचे वाहनही अडकून पडले. ज्या समाजाने एक नदी अशी गमावली, त्याच्या अंगणातून दुसरी नदी या अवस्थेत वाहावी, आणि झुलेलालच्या भक्ताला विसर्जनासाठी जिवंत पाणी शोधीत फिरावे लागावे, यापरता दैवदुर्विलास कोणता? उल्हासनगरच्या उद्योगी व्यापाऱ्यांनी या गोष्टीचा विचार आपल्या देवळात बसून करावा असे मी नम्रपणे सुचवितो. बाहेरच्याने उपदेश करण्यापेक्षा झुलेलालच्या आसनाखालचा मासाच त्यांच्याशी अधिक अधिकाराने बोलेल.

मराठी मनाचीही यात सुटका नाही. देवाच्या विरहाने व्याकूळ झालेल्या भक्ताला पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीची उपमा तुकोबांसह कितीतरी संतांनी दिली आहे, आणि ती आपल्या भक्तिविचारात इतकी मुरली आहे की तिच्यामागचे गृहीत आपल्याला दिसतच नाही. गृहीत असे की, पाण्यात परत सोडले की मासोळी वाचते. पाण्यात असूनही तडफडणारी, पृष्ठभागावर तोंड काढून हवा घोटणारी मासोळी संतांनी पाहिली नव्हती. आणि हा केवळ अलंकार नव्हे: इंद्रायणीची उपनदी जी आंद्रा, तिचे पाणी ठोकरवाडीच्या धरणातून सह्याद्रीच्या पोटातून वळवून टाटांचे भिवपुरीचे वीजगृह १९२२ पासून चालते, आणि वीज करून सुटलेले ते पाणी पेजेच्या वाटेने उल्हासात येते, त्यामुळेच उन्हाळ्यात इतर कोकणी नद्या आटल्या तरी उल्हास वाहत राहते. म्हणजे वैशाखात बदलापूरकरांच्या ओंजळीत जे पाणी येते त्यातले काही एरवी देहू-आळंदीच्या वाटेने चंद्रभागेस गेले असते. आपण त्याचे पुढे काय करतो, हा प्रश्न वारकऱ्याने विचारला तर उत्तर देणे कठीण आहे.

शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा सर्वांना माहीत आहे. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि म्हणाला, मोठा मासा लहानाला गिळतो, म्हणून माझे रक्षण कर, मी तुझे करीन. मनूने त्याला प्रथम घागरीत ठेवले. घागर अपुरी पडली तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवले. खड्डाही अपुरा पडला तेव्हा समुद्रात नेऊन सोडले. मी तुला खाणार नाही, एवढे वचन देऊन तो थांबला नाही, आणि त्याने मासा सोडला तोही विषारी डबक्यात सोडला नाही. रक्षण म्हणजे त्या जीवाच्या वाढीला पुरेल एवढी जागा क्रमाक्रमाने मोकळी करून देणे, असा या कथेचा सरळ अर्थ आहे, आणि माझ्या मते अहिंसेचा पूर्ण अर्थही तोच. न मारणे हा तिचा केवळ आरंभ. आपण नेमके उलट चाललो आहोत: तिवरांवर भराव टाकून, खाजणे बुजवून, प्रवाह अडवून आपण समुद्राची खाडी, खाडीचा खड्डा आणि खड्ड्याची घागर करीत आणली आहे. हे करणाऱ्याच्या पानात मासा आहे की नाही, हा प्रश्न यापुढे दुय्यम आहे.

देवाच्या नावाने माशांना जागा देण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. आमच्या शेजारच्याच वैतरणेच्या खोऱ्यात, वाडा तालुक्यातील तिळसे येथे शिवमंदिरालगतच्या डोहात महसीर जातीचे थोराड मासे निर्भयपणे फिरतात. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या आश्रयाने तसेच मासे राखले गेले आहेत. तेथे ना पहारा, ना जप्तीची नोटीस. ते देवाचे मासे आहेत, एवढे पुरते. मात्र या श्रद्धेचीही मर्यादा ओळखावी: ती डोह राखते, नदी राखीत नाही, गळ अडवते, गटार अडवीत नाही. आकाराने भव्य व दिसावयास सुंदर माशाला ती अभय देते, निवट्याला आणि खरबीला कोणी देवाचे मानत नाही. तिचा हात वरच्या प्रवाहापर्यंत आणि बिनमोलाच्या जीवापर्यंत पोचावा, एवढीच सुधारणा तिच्यात हवी आहे.

अंबरनाथला महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. दर्शनाच्या रांगा लागतात, पाळणे लागतात, नगरपालिका बंदोबस्त ठेवते, आणि त्या दिवशी हजारो लोक वालधुनी ओलांडून देवापर्यंत जातात. मत्स्यजीवनासाठी पाण्यात दर लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असला पाहिजे, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मान आहे, आणि तो मोजावयास फार वेळ लागत नाही. माझी सूचना एवढीच की, यात्रेच्या दिवशी पहाटे देवळाजवळ वालधुनीच्या पाण्यातील प्राणवायू मोजावा, कारखान्यांच्या पट्ट्याखालीही मोजावा, आणि दोन्ही आकडे दर्शनाच्या रांगेला दिसतील असे मोठ्या अक्षरांत फलकावर लिहावेत; उल्हासनगरने ते चालिहोच्या समाप्तीस लिहावेत, आणि आम्ही बदलापूरकरांनी वलगणीच्या पहिल्या रात्री. मोजणीच्या कामाला खाडीवरचा एखादा जुना कोळी बोलवावा, आणि त्याला त्याची मजुरी रोख द्यावी.